जमाव आणि जमात : परभणी परिसराच्या इतिहासातून

मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ ला दोन नावे आहेत. शाळेच्या पुस्तकात, झेंडावंदनाच्या भाषणात आणि बहुसंख्य घरांत तो 'मुक्तिसंग्राम' आहे. परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या मुसलमान मोहल्ल्यांत बुजुर्ग मंडळी त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणत आली. दोन्ही नावे खरी आहेत. निजामाची सत्ता एकतंत्री होती आणि तिच्यातून या मुलखाची सुटका झाली, ही गोष्ट खरी. त्या सुटकेनंतरच्या काही आठवड्यांत हजारो निरपराध मुसलमान मारले गेले, हीही गोष्ट तितकीच खरी. पण ही दोन वाक्ये एका दमात म्हणणारा माणूस दोन्हीकडे क्वचित भेटतो. तसे म्हणायला कायद्याची मनाई नाही, कोणी पहाऱ्यावर बसलेले नाही. तरीही कोणत्या मोहल्ल्यात कोणते वाक्य गिळायचे, हे प्रत्येकाला न सांगता ठाऊक असते.

हे न सांगता ठाऊक असणे म्हणजे काय? माणूस आपल्या लोकांच्या मताबरोबर का वाहत जातो, आणि कधीतरी एखादा थांबतो तो कशाच्या बळावर? इतिहास लिहिताना आपण राजे, सेनापती, करार आणि तारखा मोजतो. पण समाज बदलतो किंवा बिघडतो तो या न सांगितलेल्या दबावातून. परभणी आणि भोवतालच्या जिल्ह्यांचा गेल्या शतकातला इतिहास या दृष्टीने वाचला, तर त्यातून आजच्या आपल्या जगण्याला उपयोगी पडेल असे काही हाती लागते.

दोन परिषदा, दोन भाषा

समूहाच्या बळाचा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. इब्न खल्दून याने १३७७ च्या सुमारास लिहिलेल्या 'मुकद्दमा'त 'असबियत' ही कल्पना मांडली. एकमेकांसाठी उभे राहण्याची जी भावना टोळीला एकत्र बांधते, तिच्या जोरावर राज्ये उभी राहतात आणि ती विरली की कोसळतात, असे त्याचे म्हणणे. आपण मात्र या शब्दाची एकच बाजू लक्षात ठेवतो. असबियत माणसाला बळ देते, तशी ती त्याची जीभही बांधते. हैदराबाद संस्थानात हे दोन्ही घडले.

१९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती आणि तीत मुसलमान शेकडा १३ च्या आसपास. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू केले. देशी भाषेतून आधुनिक विज्ञान शिकवण्याचा हा प्रयोग मोठाच होता, पण ती भाषा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेची नव्हती. परभणी जिल्ह्यातला शेतकरी, मग तो कुणबी असो वा मुसलमान, कचेरीत गेला की वकिलाच्या आणि कारकुनाच्या तोंडाकडे पाहत उभा राही.

या कोंडीतून लोक संघटित होऊ लागले ते आपापल्या भाषेच्या आधाराने. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे; त्या वेळी तो परभणी जिल्ह्याचा तालुका होता. शिक्षण, नागरी हक्क, मराठीची जागा हे परिषदेचे विषय. दुसरीकडे १९२७ मध्ये स्थापन झालेली मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीन बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली १९३८ पासून झपाट्याने वाढली. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, तिचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह उभा राहिला. राजकीय हक्कांचा प्रश्न आणि धर्माचा प्रश्न एकमेकांत गुंतले ते इथे.

या गुंत्यात ज्याला कुठेच जागा उरली नाही, असा एक माणूस होता. परभणीच्या बाजारात कापूस पिंजणारा, अत्तर विकणारा, मटणाचे दुकान लावणारा, घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणारा मुसलमान. मराठी परिषदेत तो फारसा दिसत नाही. उर्दू कचेरीत त्याला कोणी ओळखत नाही. हैदराबादच्या देवडीतल्या नवाबाशी त्याचे नाते कलम्यापुरते. अशा माणसाला मजलिसने सांगितले, 'अनल मलिक', राजा मीच. निजाम हा केवळ माझ्या सार्वभौमत्वाचे प्रतीक. ज्याच्या घरात दोन वेळची भ्रांत, त्याला कोणीतरी म्हणाले की तू सत्ताधारी आहेस. या घोषणेचा मोह आज आपल्याला हास्यास्पद वाटेल, पण तो समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. जमावात माणूस नेहमी द्वेषाने शिरतो असे नाही. पुष्कळदा तो इज्जतीच्या भुकेने शिरतो.

एकमताचा देखावा

१९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले. १९४६ मध्ये लातूरचे वकील कासिम रझवी मजलिसचे अध्यक्ष झाले आणि रझाकार दलाला धार आली. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, पण गावपातळीवर काहीच 'जैसे थे' राहिले नाही. स्टेट काँग्रेसने सरहद्दीपलीकडे सशस्त्र कॅम्प उभारले होते, करोडगिरी नाक्यांवर हल्ले होत होते. त्याला उत्तर म्हणून रझाकार आणि निजामी पोलीस गावांवर तुटून पडत. परभणी जिल्ह्याची उत्तर हद्द वऱ्हाडला लागून होती. हद्दीवरच्या गावांना दोन्हीकडच्या बंदुकांची झळ बसत होती.

रझाकारांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाई. हा आकडा फुगवलेला असण्याचीच शक्यता जास्त, पण क्षणभर खरा धरू. संस्थानातले मुसलमान सुमारे वीस-एकवीस लाख. त्यांतले प्रौढ पुरुष ढोबळमानाने पाच लाख. म्हणजे दलाचा स्वतःचा दावा मान्य केला, तरी निम्म्याहून अधिक मुसलमान पुरुषांनी रझाकारांचा गणवेश घातला नव्हता. मग त्या काळाच्या आठवणींत हे तीन लाख कुठे दिसतात? ते दिसत नाहीत, कारण ते बोलले नाहीत. आणि जो बोलत नाही त्याला दोन्ही बाजू बोलणाऱ्याच्या खात्यावर मांडतात. रझाकार म्हणत, सगळी कौम आमच्यामागे आहे. गावातला हिंदू शेजारीही तेच समजे. गप्प बसणाऱ्याच्या मनात काय होते ते त्याच्याजवळच राहिले.

या गप्प बसण्यामागे भीती होतीच, पण केवळ भीती नव्हती. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग इथे आठवतो. खोलीत काही माणसे बसवायची. समोरच्या कार्डावरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, हे एकेकाने सांगायचे. उत्तर उघड्या डोळ्यांना दिसावे इतके सोपे. पण एक माणूस वगळता बाकी सगळे आधी ठरवल्याप्रमाणे चुकीचे उत्तर देणार. त्या एकट्यावर ना बंदूक रोखलेली, ना त्याची नोकरी पणाला लागलेली. तरीही सुमारे तीन चतुर्थांश माणसांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे नाकारून घोळक्याचे उत्तर दिले. प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. खोलीत आणखी एकच माणूस खरे उत्तर देऊ लागला, की या चुका जवळजवळ चौथाईवर येत. माणसाला बहुमत लागत नाही, एक सोबती पुरतो. ज्या संस्थानात रेघ चुकीची सांगितली नाही तर जीव जात होता, तिथे असा सोबती मिळणे किती दुर्मीळ असेल, याची कल्पना यावरून करावी.

सात सह्या आणि एक संपादक

असे सोबती मिळाले, हे आपण विसरतो. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेतील सात मुसलमानांनी एक निवेदन काढले. नवाब मंजूर यार जंग, बाकर अली मिर्झा, मुल्ला अब्दुल बासित ही त्यांतली काही नावे. रझाकारांचा धुमाकूळ थांबवावा आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे, असा त्याचा आशय होता. सह्या करणाऱ्यांत फरीद मिर्झा हे महसूल खात्यातले अधिकारीही होते. परभणीला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यात काम करताना त्यांनी रझाकारांचे प्रताप जवळून पाहिले आणि निषेध म्हणून नोकरी सोडली. हे निवेदन छापले ते 'इमरोज' या उर्दू दैनिकाने. त्याचे संपादक शोएबुल्ला खान तिशीच्या आतले होते. त्यांनी आधी 'ताज'मध्ये आणि मग 'रयत'मध्ये काम केले होते. हे दोन्ही अंक सरकारी रोषाने बंद पडल्यावर १९४७ च्या अखेरीस त्यांनी 'इमरोज' सुरू केले. धमक्या येत होत्या. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडण्यात आला. काही तासांत त्यांचे निधन झाले. भारतीय फौजा संस्थानात शिरल्या त्या १३ सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांनी.

शोएबुल्ला खान यांना आपण शहीद म्हणतो आणि पुढे जातो. पण ते बोलू शकले कसे, हा प्रश्न विचारला पाहिजे. 'रयत' हे मंदमुल नरसिंगराव यांचे दैनिक होते. 'इमरोज'ला बुर्गुल रामकृष्णराव यांच्यासारख्यांचा आधार होता. म्हणजे शोएबुल्लांना कौमेच्या नात्याशिवाय आणखी एक नाते होते, ते पत्रकारितेचे. त्या नात्यातली माणसे वेगवेगळ्या धर्मांची होती आणि त्यांच्यात 'खरे उत्तर' उच्चारता येत होते. सात जणांनीही एकेकट्याने पत्रके काढली नाहीत, सातांनी मिळून एका कागदावर सही केली. धाडस हा व्यक्तीचा गुण आपण मानतो. इतिहासात पाहिले, तर धाडसी माणसाच्या पाठीशी बहुधा एखादे दुसरे नाते उभे असलेले दिसते. एका जमावातून बाहेर पडणाऱ्याला पाय ठेवायला दुसरी जागा लागते.

सप्टेंबरनंतर

१७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर जमाव बदलला, जमावाची रीत तीच राहिली. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानचा दौरा केला. काझी अब्दुल गफ्फार म्हणजे 'पयाम' या हैदराबादच्या उर्दू दैनिकाचे संस्थापक. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक हानीचे जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक. रझाकार गावोगाव खंडणी कशी बसवत आणि न देणाऱ्यांना कसे लुटत, हेही या मंडळींनी नोंदवले आणि नंतरच्या सूडाची जबाबदारी सांगतानाही आडपडदा ठेवला नाही. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. पुढे अनेक दशकांनी ए. जी. नूरानी यांच्या लेखनातून आणि २०१३ मधील त्यांच्या पुस्तकातून तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचला.

नकाशा समोर घेतला, तर परभणीच्या पूर्वेला नांदेड, पश्चिमेला औरंगाबाद आणि बीड, दक्षिणेला बिदर, हे सगळे शेजारी या आठांत आहेत. परभणीचे नाव या आठांत नाही. याचा अर्थ इथे रक्त सांडले नाही असा कोणी घेऊ नये. पण एकच राजवट, एकच भाषा, सारखीच रयत, तेच रझाकार आणि त्याच अफवा असताना एका जिल्ह्यात किंवा एका गावात जमाव अनावर होतो आणि शेजारी तितका होत नाही, हे कसे?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७८ मध्ये या कोड्याकडे एका हिशेबाने पाहिले. समजा चौकात शंभर माणसे आहेत. पहिला कोणाचीही वाट न पाहता दगड उचलतो. दुसरा एकाने उचलल्यावर उचलतो, तिसरा दोघांनी उचलल्यावर, असे शंभराव्यापर्यंत. इथे पूर्ण शंभर जण दंगलीत सामील होतात. आता या शंभरांतला फक्त दुसरा माणूस बदलू. त्याच्या जागी दोघांची वाट पाहणारा माणूस ठेवू. पहिला दगड मारतो आणि तिथेच सगळे थांबते. दुसऱ्या दिवशी बातमी येते की अमुक गाव क्रूर निघाले आणि तमुक गाव सज्जन. प्रत्यक्षात दोन्ही गावांत नव्व्याण्णव माणसे सारखीच होती. 'त्या गावचे लोकच तसे' हे वाक्य इतिहासात किती फसवे आहे, हे यावरून समजावे. फरक पडतो तो त्या एका माणसामुळे. मग तो 'दुसरा माणूस' थांबतो कशामुळे?

सुंदरलाल अहवालात याचे उत्तर आहे, पण आकड्यांच्या गर्दीत त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणे अहवाल देतो आणि एक बाब मुद्दाम नोंदवतो : एकाच पेशातल्या लोकांमध्ये ही आपुलकी विशेष दिसली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही वेचले. पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांचा शोध लावून त्यांना परत आणण्यातही अनेक हिंदूंनी हातभार लावला.

इथे आपल्या एका आवडत्या समजुतीकडे थोडे कठोरपणे पाहावे लागते. एकोप्याचा विषय निघाला की आपण दर्ग्यांचे आणि उरुसांचे दाखले देतो. परभणीच्या हजरत तुराबुल हक यांच्या फेब्रुवारीतल्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक लोटतात, आणि त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. पण गुलबर्ग्यात ख्वाजा बंदानवाज यांचा दर्गा होता, उस्मानाबादेत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा, नांदेड जिल्ह्यात कंधारला हाजी सय्याह यांचा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे हिंदू भाविक डोके टेकत आले होते. सर्वाधिक हानी झालेले जिल्हे हेच. वर्षातून एकदा एकत्र येण्याने मने जवळ येतात, ती संकटाच्या रात्री टिकतीलच असे नाही. मागाचे तसे नसते. सूत एकाकडून येते, रंग दुसऱ्याकडून, उधारी तिसऱ्याकडे असते आणि मजुरीचा तंटा सगळ्यांचा मिळून असतो. ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे, ज्याच्यावाचून उद्याचे काम अडणार आहे, त्याच्या घरावर जाणाऱ्या घोळक्यासमोर माणूस उभा राहू शकतो. उत्सवाचे नाते हवेच. पण जमावाला अडवले ते कामाच्या नात्याने.

गप्प राहण्याची शिस्त

१९४८ नंतर मराठवाड्यातला मुसलमान एका नव्या एकमतात शिरला, ते मौनाचे. सरकारी नोकऱ्या गेल्या, उर्दूची कचेरी संपली, ज्यांना जमले ते हैदराबादला किंवा कराचीला गेले. उरलेल्यांनी मुलांना एकच शिकवण दिली : तोंड उघडू नका. घरातल्या घरात मरहूम नातलगांची नावे घेतली जात, दुआ होई, पण बाहेर त्याचा उच्चार नाही. याला एक दुसरी बाजूही होती. रझाकारांनी आपल्याच शेजाऱ्यांवर काय केले, याचाही उच्चार त्या मौनात बुडाला. दुःख सांगायचे नाही म्हटल्यावर अपराध सांगण्याचीही सोय राहत नाही. परिणामी शोएबुल्ला खान यांचे नाव मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत जितके माहीत असायला हवे होते, तितके झाले नाही. त्यांना आठवायचे तर सगळेच आठवावे लागले असते.

जमाव कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही, हे याच मुलखाने तीस वर्षांनी पुन्हा पाहिले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि परभणी-नांदेड भागातल्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. जी खेडी १९४८ मध्ये 'मुक्त' झाली होती, त्यांतल्या काहींनी आपल्याच गावकुसाबाहेरच्या माणसांची घरे जाळली. त्या वेळीही प्रत्येक गावात दगड न उचललेली माणसे बहुसंख्य असणार. आणि तीही गप्प होती.

नावामागचा पेशा

हे चित्र पूर्ण काळे नाही. मौन फोडणारी आणि रक्त न सांडता समाज हलवणारी एक चळवळ याच मराठवाड्यातून उभी राहिली. तिचे श्रेय जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांचे सहकारी यांना जाते. मंडल आयोगाने १९८० च्या अहवालात मुसलमानांतील अनेक जमातींना मागासवर्गीय मानले होते. पण पिंजारी, बागवान, आतार, तांबोळी, मणियार, मोमीन, कुरेशी, मुलाणी ही नावे कागदावर आणायलाच लोक तयार नव्हते. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी 'मुसलमान' एवढेच लिहायचे आणि आडनाव शेख, पठाण किंवा सय्यद, अशी रीत पडली होती. इस्लाममध्ये जात नाही, हे तत्त्व बरोबरच आहे. पण लग्न ठरवताना जी जात सगळ्यांना आठवे, ती सवलतीचा अर्ज भरताना मात्र कोणालाच आठवत नव्हती. प्रत्येकाला वाटे की आपणच पहिल्यांदा पिंजारी म्हणवून घेतले तर चार लोकांत हसे होईल.

चळवळीने केले ते एवढेच की पहिल्या काही माणसांना एकमेकांची सोबत मिळवून दिली. सभा झाल्या, बिरादरीच्या पंचायती बसल्या, अभिनेते दिलीपकुमार यांच्यासारख्यांनी जाहीर पाठिंबा दिला. आपल्यासारखा दुसराही उभा आहे, हे दिसल्यावर लाज ओसरली. ७ डिसेंबर १९९४ रोजी महाराष्ट्र शासनाने आदेश काढून या जमातींच्या दाखल्यांची वाट मोकळी केली. त्यानंतरचा बदल कोणत्याही मोर्च्याइतका मोठा होता आणि तितका गाजला नाही. ज्यांचे बाप नाव लपवत, ती मुले त्याच नावाचा दाखला घेऊन वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशाला उभी राहू लागली, नगरपालिकेच्या राखीव जागेवर निवडून येऊ लागली. एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. आतार, बागवान, पिंजारी ही नावे पेशाची आहेत. हिंदू विणकराला मुसलमान विणकर ज्या नात्याने आपला वाटला, तेच नाते या चळवळीने वेगळ्या मार्गाने पुन्हा उजेडात आणले. हिंदू ओबीसी आणि मुसलमान ओबीसी एका मागणीसाठी एका मंचावर आले.

सगळेच प्रयत्न असे फळले नाहीत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुसलमान स्त्रियांनी तोंडी तलाकविरुद्ध विधिमंडळावर मोर्चा नेला. १९४८ मध्ये सह्या सात होत्या, १९६६ मध्ये पावले सात स्त्रियांची होती. प्रश्न खरा होता, धैर्य निर्विवाद होते. तलाकपीडित स्त्रियांना आधार देण्याचे मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे कामही मोलाचे आहे. पण मोहल्ल्यातल्या सामान्य माणसाला ही हाक आपल्यापैकी कोणाची आहे असे वाटले नाही. दलवाई मशिदीबाहेरून बोलत आहेत असेच त्याला वाटत राहिले. हा दोष दलवाईंचा किती आणि मोहल्ल्याचा किती, यावर वाद चालूच राहील. बदलाची हाक आपल्यातल्याच माणसाच्या तोंडून आली की ऐकली जाते आणि बाहेरून आली की तटबंदी घट्ट होते, एवढे मात्र यातून दिसते.

दुसरे नाते

या सगळ्या घटनांमधून मला एकच सूत्र दिसते. ज्याचे जगात एकच नाते आहे, तो त्या नात्याच्या जमावाला नाही म्हणू शकत नाही. नाही म्हटले की त्याच्याजवळ काहीच उरत नाही. ज्याला आपल्या जमातीइतकेच खरे असे आणखी एक नाते आहे, मग ते मागाचे असो, वर्तमानपत्राचे, शाळेचे, कामगार संघटनेचे वा भाषेचे, तोच जमावातला 'दुसरा माणूस' होऊन दगड खाली ठेवू शकतो. जमात सोडायची काहीच गरज नाही. शोएबुल्ला खान यांनी कौम सोडली नव्हती, त्या विणकरांनीही आपला धर्म सोडला नव्हता. त्यांनी आणखी एक नाते तितक्याच निष्ठेने पाळले, इतकेच. बापजाद्यांनी केले म्हणून आम्हीही करतो, या उत्तराबद्दल कुरआनाने वारंवार जाब विचारला आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते, प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. तेव्हा काहींनी विचारले की मुसलमानांना वेगळ्या मराठी व्यासपीठाची गरज काय? गरज हीच होती. १९३७ मध्ये मराठी बोलणाऱ्या ज्या मुसलमानाला ना परिषदेत जागा मिळाली ना कचेरीत, त्याला मराठीशी असलेले आपले नाते जाहीरपणे सांगता यावे. आज परभणी जिल्ह्यात मराठी शाळेत शिकलेल्या, शेतीवर, कारखान्यात, बँकेत, कोर्टात मराठीतून काम करणाऱ्या मुसलमानांची तिसरी-चौथी पिढी आहे. त्या पिढीच्या फोनवर अफवा क्षणात येऊन पोचते आणि ती पुढे पाठवायला दगडाइतकेही वजन उचलावे लागत नाही. अशा वेळी तिच्याजवळ शेजाऱ्याशी जोडणारे कामाचे, भाषेचे, रोजच्या गरजेचे एखादे जिवंत नाते आहे की नाही, यावर पुष्कळ काही ठरणार आहे.

म्हणून सप्टेंबर १९४८ ची ती दोन वाक्ये एका दमात म्हणायला शिकणे हे आपल्यासमोरचे पहिले काम आहे. 'राजवट जुलमी होती, रझाकारांनी अत्याचार केले' आणि 'त्यानंतर आमच्या निरपराध माणसांना मारले गेले'. मोहल्ल्यात पहिले वाक्य म्हणणारा कोणी निघाला, तर गावात दुसरे वाक्य म्हणणारा निघण्याची शक्यता वाढते. सुरुवात सात सह्यांनीही होते.